विंचूदंशापासून ‘लॅन्सेट’पर्यंत: गावातला डॉक्टर संशोधन कसं करू शकतो?

विंचू म्हटलं की आपल्याला एकनाथांचं भारूड आठवतं. पण कोकणातला लाल विंचू ही गमतीची गोष्ट नाही. भाताचा पेंढा उचलताना, लाकडाची मोळी बांधताना किंवा अंधारात पाय टाकताना तो डंख मारतो. धडधाकट माणसाला उलट्या सुरू होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं आणि श्वास घेता येईनासा होतो.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावसकर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे असे पेशंट यायचे आणि त्यातले बरेच दगावायचे. खात्रीचा उपचार कुणाकडेच नव्हता. डॉक्टरांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करायला सुरुवात केली. दंश कधी झाला, पहिली उलटी कधी झाली, नाडी किती, रक्तदाब किती, कोण वाचलं, कोण गेलं.

या नोंदींमधून तयार झालेला लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे जगातल्या सर्वात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक. १९८६ मध्ये याच नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा प्राझोसिन या गोळीबद्दलचा लेख आला. पश्चिम भारतात विंचूदंशाच्या गंभीर पेशंटपैकी पूर्वी २५ ते ३० टक्के दगावायचे. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार १ टक्क्याच्या खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट तुम्ही कदाचित एखाद्या रीलमध्ये पाहिली असेल. ‘एकट्या डॉक्टरचा लढा’ असं तिचं शीर्षक असतं. प्रश्न असा आहे की अशी गोष्ट एकट्याच्याच जिद्दीवर का अवलंबून असावी? गावागावांत काम करणाऱ्या डॉक्टरांना संशोधन करायला शिकवता येत नाही का?

येतं. ते कसं, ते समजून घेऊया.

गावात संशोधन हवंच कशाला?

सरळ उत्तर आहे. पेशंट गावात आहेत आणि संशोधन शहरात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था आणि रुग्णालयांचं २००५ ते २०१४ या दहा वर्षांतलं काम तपासलं गेलं. त्यातल्या ५७ टक्के संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. दुसरीकडे, देशातलं ४० टक्के वैद्यकीय संशोधन फक्त २५ संस्थांमधून आलं होतं. मोठमोठ्या संस्थांची ही अवस्था, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडून काय अपेक्षा करणार?

याचा परिणाम काय होतो, ते सर्पदंशावरून कळतं. भारतात सापाच्या दंशानं किती माणसं मरतात, याचा आकडा आपण बरीच वर्षं दवाखान्यांच्या नोंदींवरून धरत होतो. २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासात घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारली गेली. त्यातून २००५ या एका वर्षातल्या मृत्यूंचा अंदाज निघाला सुमारे ४६ हजार. त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागातले होते आणि तीन चतुर्थांशांहून जास्त मृत्यू दवाखान्याबाहेर झाले होते. म्हणजे ही माणसं सरकारी रजिस्टरपर्यंत पोचलीच नव्हती. जी माणसं मोजली जात नाहीत, त्यांच्यासाठी औषधही पोचत नाही आणि निधीही.

अनुभव आणि संशोधन, फरक काय?

‘आमच्या डॉक्टरांना तीस वर्षांचा अनुभव आहे.’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अनुभव मोलाचाच असतो, पण तो फसवतोही. आपल्या औषधानं बरा झालेला पेशंट पेढे घेऊन येतो, म्हणून तो लक्षात राहतो. बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि आपल्याला कळतही नाही.

संशोधन म्हणजे स्वतःच्या अनुभवालाच प्रश्न विचारणं. त्यासाठी लॅब किंवा महागडी मशिन लागतातच असं नाही. लागतात पाच कौशल्यं.

१. रोज, एकसारखी नोंद

दवाखान्यात ओपीडीचं रजिस्टर असतंच. पण त्यात ‘ताप, गोळ्या दिल्या’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काही निघत नाही. प्रत्येक पेशंटबद्दल तीच माहिती, त्याच पद्धतीनं, त्याच क्रमानं लिहिणं ही पहिली पायरी.

छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीचं उदाहरण बघा. तिथे दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी ‘जन स्वास्थ्य सहयोग’ नावाची संस्था उभी केली. त्यांच्याकडे येणाऱ्या टीबीच्या पेशंटचं वजन नियमित लिहिलं जायचं. २०१३ मध्ये त्यांनी १,६९५ पेशंटच्या या नोंदी एकत्र मांडल्या. निम्म्या पुरुषांचं वजन साधारण ४२ किलोच्या आत होतं आणि निम्म्या बायकांचं ३४ किलोच्या आत. ज्यांचं वजन फार कमी होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त होता.

वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतो. फरक पडला तो रोज लिहिण्यानं.

पुढे याच अभ्यासातले डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये मोठी चाचणी केली. टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर काय होतं? २०२३ मध्ये निष्कर्ष आले. १० हजारांहून जास्त कुटुंबीयांच्या या अभ्यासात, शिधा मिळालेल्या घरांत टीबीचे नवे पेशंट ३९ टक्क्यांनी कमी होते.

२. नेमका प्रश्न

‘मला सर्पदंशावर काम करायचंय’ हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणते पेशंट, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि नेमका कोणता परिणाम बघायचा.

समजा, तुम्ही आरोग्य केंद्रात डॉक्टर आहात. ‘बीपीचे पेशंट गोळ्या नीट घेत नाहीत’ ही तक्रार झाली. ‘आमच्या केंद्रात नोंद असलेल्या बीपीच्या पेशंटपैकी, आशाताई महिन्यातून एकदा घरी जातात अशा गावांत आणि जात नाहीत अशा गावांत, सहा महिन्यांनी किती जणांचं बीपी नियंत्रणात आहे?’ हा झाला प्रश्न. त्याचं उत्तर मोजता येतं आणि उत्तर मिळालं की काय करायचं तेही कळतं.

गावातल्या डॉक्टरचा प्रश्न वेगळा असतो, हेही महत्त्वाचं. विंचूदंशात सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन पेशंट वाचवता येत होते. पण ते देताना रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावं लागतं. ज्या गावात आयसीयूच नाही तिथे काय करायचं? हा प्रश्न मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पडलाच नसता. प्राझोसिन ही साधी बीपीची गोळी, म्हणून ती गावात देता येत होती.

३. अंश, छेद आणि तुलना

शाळेतलं गणित आठवा. दवाखान्यात आलेले पेशंट हा अंश. गावातली सगळी माणसं हा छेद. छेद माहीत नसेल तर आजार किती पसरलाय हे सांगताच येत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी नेमकं हेच ओळखलं. दोघांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. स्त्रियांचे आजार किती, हे बघायला त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या बायकांची वाट पाहिली नाही. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग होता. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यात बसून हे कधीच दिसलं नसतं.

पुढची पायरी तुलनेची. ‘सर्च’नं ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी महिलांमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये निष्कर्ष आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तुलनेची गावं नसती, तर ‘मृत्यू तसेही कमी होतच होते’ असं कुणीही म्हणू शकलं असतं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेट देतात, बाळाचं वजन करतात. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या त्या योजनेमागे हा गडचिरोलीचा अभ्यास आहे.

औषधाची तुलना करताना आणखी काळजी लागते. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरनं स्वतः ठरवलं, तर नकळत बऱ्या तब्येतीचे पेशंट एका बाजूला जातात. म्हणून चिठ्ठी टाकावी तसं ते ठरवतात. डॉ. बावसकरांनी महाडमध्ये अशीच चाचणी केली आणि २०११ मध्ये ती ‘बीएमजे’मध्ये आली. ७० पेशंट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन आणि निम्म्यांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: फक्त प्राझोसिनवर ३५ पैकी ८, दोन्ही दिलेल्यांत ३५ पैकी ३२.

लक्षात घ्या, प्राझोसिन ही त्यांचीच ओळख होती. तरी त्यापेक्षा बरं काही आहे का, हे त्यांनीच तपासलं.

४. संमती आणि नीतिनियम

गावात डॉक्टर एकच असतो. त्यानं ‘या अभ्यासात भाग घ्याल का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायची किती जणांची हिंमत होईल? उद्या मूल आजारी पडलं तर याच डॉक्टरकडे यायचंय, हा विचार मनात असतो.

म्हणून संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. पेशंटच्या भाषेत सगळं सांगणं, नकार दिला तरी उपचार तेच मिळतील याची खात्री देणं, आणि मधेच बाहेर पडायची मोकळीक ठेवणं, हे सगळं त्यात येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणजे आयसीएमआरची याबाबतची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माणसांवरचा कोणताही अभ्यास सुरू करण्याआधी नीती समितीची परवानगी लागते. औषधाच्या चाचणीची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत आधीच करावी लागते.

इथे गावातला डॉक्टर पहिल्यांदा अडतो. नीती समिती असते मेडिकल कॉलेजमध्ये. तालुक्यातल्या डॉक्टरनं कुणाकडे जायचं? एखाद्या संस्थेशी जोडून घेतल्याशिवाय हा दरवाजा उघडत नाही.

५. लिहिणं

नोंदी आहेत, निष्कर्ष आहेत, पण लेख नाही. बहुतेक काम इथे कपाटात पडून राहतं. शोधनिबंधाची एक ठरलेली मांडणी असते: प्रश्न काय, काय केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय, आणि आपल्या अभ्यासात काय उणं आहे. ही मांडणी शिकता येते. इंग्रजीची भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे सोबत बसून मसुदा दुरुस्त करणारा अनुभवी माणूस.

मग हे शिकवायचं कसं?

नेहमीचा मार्ग म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा. हॉल, पीपीटी, जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. सोमवारी डॉक्टर परत ओपीडीत, आणि फाइल बॅगेत. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसंच हे.

वेगळा मार्ग आहे ‘सॉर्ट इट’ या प्रशिक्षणाचा. २००९ मध्ये ‘द युनियन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी तो सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेतला टीडीआर हा कार्यक्रम त्याचा समन्वय करू लागला. भारतातही असे कोर्स झाले आहेत.

यात डॉक्टर स्वतःच्या कामातला प्रश्न घेऊन येतो. पहिल्या टप्प्यात अभ्यासाचा आराखडा तयार करतो. दुसऱ्यात माहिती भरायला आणि तिचं विश्लेषण करायला शिकतो. तिसऱ्यात शोधनिबंध लिहितो. सोबत मार्गदर्शक बसलेले असतात. प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, ती चुकली तर कोर्समधून बाहेर. शेवटी प्रमाणपत्र हजेरीवर मिळत नाही, निबंध नियतकालिकाकडे पाठवावा लागतो.

बरेचसे अभ्यास आधीच असलेल्या नोंदींवर होतात. टीबीचं रजिस्टर, प्रसूतीचं रजिस्टर, लसीकरणाच्या याद्या. नवीन यंत्रणा उभी करायची गरज पडत नाही.

आपल्याकडे आज काय सोय आहे?

शिकायला सुरुवात घरबसल्या करता येते. चेन्नईची आयसीएमआर–राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था संशोधनाच्या मूलभूत गोष्टींचे ऑनलाइन कोर्स घेते. पदव्युत्तर विद्यार्थी आणि मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांना त्यातला एक कोर्स बंधनकारकही आहे.

दुसरी सोय म्हणजे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रं. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची ही योजना. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात डहाणूला असं केंद्र आहे. मुंबईतली आयसीएमआरची संस्था त्याला मार्गदर्शन करते आणि सर्पदंशावर तिथे काम झालंय. कल्पना चांगली आहे: संशोधनाची जागा गावाजवळ आणि पाठीशी अनुभवी संस्था.

पुण्याजवळ वढूला केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राचं कामही महत्त्वाचं. रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची मोठी चाचणी देशात तीन ठिकाणी झाली, त्यातलं एक पुण्याचं केंद्र होतं.

मग अडतं कुठे?

पहिलं, वेळ. नियमानुसार सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. तिथल्या डॉक्टरला ओपीडी, बाळंतपणं, शिबिरं, बैठका आणि ऑनलाइन रिपोर्ट सांभाळायचे असतात. त्यात ‘संशोधनही करा’ म्हणणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आठवड्यातले ठरावीक तास त्यासाठी राखून दिले नाहीत, तर कोणतंही प्रशिक्षण वाया जाणार.

दुसरं, बदल्या. प्रश्न सुचेपर्यंत एक वर्ष जातं, नोंदी जमेपर्यंत दुसरं. बॉण्डवर आलेला तरुण डॉक्टर वर्षभरात निघून जातो आणि रजिस्टर तिथेच राहतं.

तिसरं, पैसे. अनेक नियतकालिकं लेख छापायला मोठी फी घेतात. आणि फी भरली की काहीही छापणारी बोगस नियतकालिकंही आहेत, नवखा डॉक्टर त्यात सहज अडकतो. वाचायलाही पैसे लागतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू झाली, पण ती सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. गावात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तिचा उपयोग नाही.

चौथं, श्रेय. शहरातली टीम येते, गावातल्या डॉक्टरकडून पेशंट आणि नोंदी घेते, आणि लेखाच्या शेवटी ‘आभार’ मानते. असं झालं की तो डॉक्टर पुढच्या वेळी रजिस्टर उघडत नाही. आराखड्यात, विश्लेषणात आणि लिखाणात त्याला सुरुवातीपासून घेतलं, तर लेखक म्हणून त्याचं नाव हक्कानं लागतं.

आणि गावाला काय मिळतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ज्यांच्या अंगावरून आकडे गोळा केले, त्यांना निकाल कळतो का? गडचिरोलीचा अभ्यास इंग्रजी नियतकालिकात छापून थांबला असता, तर बाळंतिणीच्या दारात आशाताई पोचली नसती.

तुमच्या गावात, घरात कुणी संशोधनासाठी आलं तर चार प्रश्न नक्की विचारा. हा अभ्यास कोण करतंय आणि नीती समितीची परवानगी आहे का? मी नाही म्हटलं तर माझ्या उपचारांवर परिणाम होईल का? माझं नाव, माझी माहिती कुठे जाईल? आणि काय सापडलं ते आम्हाला मराठीत कोण सांगणार?

तुम्ही स्वतः गावात डॉक्टर असाल, नर्स असाल, आशा असाल, तर सुरुवात छोटी करा. तुमच्या दवाखान्यात वारंवार दिसणारा, पण पुस्तकात ज्याचं नीट उत्तर सापडत नाही असा एक प्रश्न निवडा. त्याच्यासाठी एक वही घाला. आणि पुढच्या पेशंटपासून तारीख टाकून लिहायला लागा.

बिरवाडीत सुरुवात अशीच झाली होती.